पेला कुणाच्या नावाचा

सोमवार, १७ जून

सात नंबरच्या खोलीतली पोरगी आज केस विंचरून बसली होती. रुक्सांद्रा. एकवीस वर्षांची, कॉलेजच्या वसतिगृहातून आमच्या मनोरुग्णांच्या वॉर्डात आणलेली. तीन आठवडे झाले. आली तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडायची, पलंगाखाली फडकं फिरवलं तरी हलायची नाही. आज म्हणाली, मावशी, माझ्या चपला भिजवू नका. म्हटलं, पाय वर घे मग, महाराणी. हसली.

डॉक्टरीणबाई खूश. ओआनाबाई – तिशीच्या आतल्या, राजधानीत शिकलेल्या. त्यांच्याकडे सहा प्रश्नांचा एक कागद असतो. दुसराच प्रश्न – जीव द्यावासा वाटतो का? असा तोंडावर! मी एकदा बोलले होते, बाई, नसलेलं डोक्यात घालाल पोरांच्या. त्या म्हणाल्या, विचारल्यानं कुणी करत नाही मावशी, उलट बोलायला वाट मिळते. असेल. मी चौथी शिकलेली.

शनिवारी मोशी, मेलेल्यांचा दिवस. सगळं गाव आपापल्या मेलेल्यांच्या नावानं पेले वाटणार. पोरीला विचारलं, तुझे कुणाच्या नावाचे? अनाथाश्रमात वाढलीय ते ध्यानातच नाही राहिलं. म्हणाली, माझं जिवंतच कुणी नाही मावशी, मेलेलं कुठून आणू?

मी पण काही देणार नाही. पाद्री मेलेल्यांच्या यादीत ते नाव वाचत नाही.

मंगळवार, १८ जून

पाय सुजलेत. सूप गरम केलं, परत गार झालं, ओतून दिलं. खुंटीवरचं जाकीट काढून ठेवायचं म्हणते, जून लागला. राहू दे.

बुधवार, १९ जून

रुक्सांद्राच्या कागदावर सहाही 'नाही' आले. शुक्रवारी घरी. म्हणजे वसतिगृहात.

दुपारी तिनं मला खोलीत बोलावलं. मातीचा पेला पुढे केला, हिरव्या नक्षीचा, नर्सकडून बाजारातून मागवलेला. पेल्याच्या कानाला नवा टॉवेल बांधलेला, आत चेऱ्या. मेणबत्ती तेवढी नव्हती, वॉर्डात काडेपेटी चालत नाही. म्हणाली, घ्या मावशी. मी हात पुसले, घेतला, आणि तोंडातून आपसूक गेलं – देव क्षमा करो. असा पेला कुणी दिला की नाही म्हणायचं नाही, घ्यायचा आणि मेलेल्यासाठी हेच बोलायचं. लहानपणापासूनची सवय.

देणाऱ्यानंही बोलायचं असतं – अमक्याच्या नावानं. ती बोलली नाही. माझे संडास धुवायचे राहिले होते. चेऱ्या गोड होत्या.

गुरुवार, २० जून

सकाळी पेला विसळताना आठवलं. मेलेलं कुठून आणू, म्हणाली होती. मग हा कुणाचा?

माझ्या सासूनं सत्तराव्या वर्षी स्वतःच्याच नावानं पेले वाटले होते. जिवंतपणी. सुनांवर भरवसा नव्हता बाईचा. म्हातारी माणसं करतात असं. एकवीस वर्षांची पोर नाही करत.

तशीच ओल्या हातानं ओआनाबाईंच्या खोलीत घुसले. दारही वाजवलं नाही. त्या घरी सोडायचा कागदच लिहीत होत्या. म्हटलं, पोरीनं मला पेला दिलाय आणि तिचं मेलेलं कुणी नाही. हसायचं तर हसा.

हसल्या नाहीत. पेन खाली ठेवलं. गळ्यातल्या स्कार्फला हात गेला त्यांचा. तो कालच रुक्सांद्रानं दिलेला. "मला वाटलं, आभार म्हणून देतेय," म्हणाल्या.

दोघी गेलो सात नंबरला. मी बाहेर थांबणार होते, पोरगी म्हणाली, असू देत त्यांना. बाई समोर खुर्ची घेऊन बसल्या. आवाज एवढासाही चढवला नाही.

"रुक्सांद्रा, मावशींना पेला कुणाच्या नावानं दिलास?"

ती नखं बघत बसली. मी खिडकीवरचे डाग मोजले. नऊ.

"माझ्या."

"जीव द्यायचं ठरवलं आहेस?"

"शनिवारी. त्या दिवसापर्यंत स्वर्गाची दारं उघडी असतात म्हणतात. कुणालाही आत घेतात."

कागदावर सहा वेळा नाही. मला रडू वगैरे आलं नाही. उरलेली फरशी पुसली.

शुक्रवार, २१ जून

सोडली नाही तिला. नर्स दर पंधरा मिनिटांनी बघून जाते. बाई दिवसातून दोनदा बसतात तिच्याजवळ. मी फडकं घेऊन गेले तर म्हणाली, चुगलखोर. म्हटलं, पाय वर घे.

घेतले.

शनिवार, २२ जून

मोशी. पेला घासून नेला आणि तिच्या पुढ्यात ठेवला.

"परत देत नाहीत मावशी. तुम्ही बोलून बसलात ना ते."

"बोलले ते परत घेतलं. यातच चहा प्यायचा. रोज मी धुणार आहे, फोडलास तर याद राख."

"देवाला चालतं असं?"

"त्याला मी बघते."

मग तिनं विचारलं, तुम्ही आज कुणासाठी देता? म्हटलं, कुणासाठी नाही. पुढे विचारलं नाही तिनं. अर्धा पेला चहा प्याली.

संध्याकाळी अंगणाच्या भिंतीपलीकडे लोक टोपल्या घेऊन चर्चकडून परतत होते. मी कपडे वाळत घातले.

सोमवार, २४ जून

अख्खा पेला प्याली. बिस्कीट मागितलं.

मंगळवार, २५ जून

ओआनाबाईंनी विचारलं, मावशी, आम्हा सगळ्यांतून तुमच्याच कसं ध्यानात आलं? सासूचं सांगणार होते. सिल्वियूचं सांगितलं. माझा मुलगा. दोन वर्षांपूर्वी त्यानं आपलं जाकीट मला दिलं – आई, उबदार आहे, घाल. मी म्हटलं, बाह्या लांब आहेत. चौथ्या दिवशी त्यानं जीव दिला. असं गेलेल्यांचं नाव पाद्री वाचत नाही.

बाईंनी उठून दार लावलं. सहा प्रश्नांचा तो कागद घेतला. मला म्हणाल्या, बसा.

दुसऱ्या प्रश्नाला मी हो म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.