चाचांच्या मॉनिटरला जोडलेला गेम

चाचा, काल दुपारी तुमच्या मॉनिटरला गेम जोडला. तोच मॉनिटर, लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून तुम्ही घेतलेला आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान बंद करताना मला दिलेला. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली, त्याचे रंग अजून तसेच आहेत. लेकीनं कुठून तरी जुना कॅसेटवाला गेम मिळवला आणि हट्ट धरला, नव्या टीव्हीवर नको, याच्यावरच खेळायचा. मला धास्ती. ही पिक्चर ट्यूब आता कुठंच मिळत नाही. एक तार चुकली की तुमची चालू असलेली शेवटची वस्तू गेली.

टेबलावर सगळं मांडलं आणि तुमच्या दुकानातला माझा पहिला आठवडा दिसू लागला. गावच्या शाळेतून नुकताच आलोय. तुम्ही टीव्हीचं मागचं झाकण काढून तो चालू करता आणि दिवा लागला की नमस्कार करायच्या सवयीनं मी त्याला दोन्ही हात जोडतो. तुम्ही मनगट धरून मला मागं ओढता. ‘आरं, हात जोडायचं तर झाकण लावून जोड. उघड्या टीव्हीपुढं एक हात खिशात. दोन्ही हातांतनं करंट गेला तर छातीतनं जातोय.’ समोरच्या चहाच्या गाड्यापर्यंत आवाज गेला. मग चहा तुम्हीच मागवलात, आणि जुन्या टीव्हीच्या पत्र्यातही करंट असतो, त्याला काही जोडायच्या आधी टेस्टर लावायचा, हे शांतपणे सांगितलंत.

लेक मागवलेली तयार केबल सरळ खुपसायला निघाली होती. मी दोन्ही प्लग काढायला लावले. आधी मॉनिटर एकटा चालू करून पत्र्याला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. मग गेम एकटा चालू करून केबलच्या टोकाला मीटर लावला, तर चित्र स्थिर ठेवणाऱ्या तारेवर पाचेक व्होल्ट. मॉनिटरला एका व्होल्टच्या आतच हवेत. सगळं बंद केलं, व्होल्टेज उतरवायला त्या तारेत रेझिस्टर टाकला, सोल्डरचा डाग दिला, वर प्लास्टिकची नळी चढवली. ‘पप्पा, एवढ्यात जोतिबाला नारळ फोडून आलो असतो की,’ लेक म्हणाली. माझ्या मनात त्याचंच नाव चाललं होतं, ते तिला सांगितलं नाही.

सगळं जोडून मगच प्लग लावले. चित्र आलं, अजिबात न हलता. निळं आभाळ, घोड्यावरचा छोटा स्वार. खेळ ओळखीचा निघाला. लेक एकाच ठिकाणी तीनदा मेली आणि वैतागून रिमोट माझ्याकडं दिला. मी नेमक्या जागी उडी घेतली.

‘पुढं पूल तुटलाय, हे तुम्हाला कसं म्हाईत?’

अंदाज, म्हणालो.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहून टाकतो. तुम्ही शुक्रवारी नमाजाला गेलात की दुरुस्तीला आलेला गिऱ्हाइकाचा हाच गेम मी याच मॉनिटरला लावून खेळायचो. चालू प्लगवर, टेस्टर न लावता. तुमची टोपी वळणावर दिसली की तार उपटायचो.