रोकोतो मिरची, व्याही आणि तक्रारवही

लॉस ओलिवोस, लिमा
गुरुवार

तीर्थस्वरूप डोमितिलाताईस,

इलारियोचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? परसातले गिनीपिग किती झाले? (शेवटचं बोललो तेव्हा तू बावीस सांगितले होतेस. त्याला तीन वर्षं झाली, म्हणजे आता ते गल्लीत मावत नसतील.) आरेकिपात थंडी पडली असेल, तेव्हा खानावळ उघडण्याआधी पहाटे गार पाण्यात हात घालू नकोस. इकडे सगळे ठीक आहेत. फक्त माझं रक्त उकळतंय, आणि ते का, हे सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही. तसं गेले तीन आठवडे ते जातच नाहीये. तोच तर विषय आहे.

माझ्या लेकीचं, आपल्या नेलिदाचं, लग्न जमलं. मुलगा सज्जन आहे, बसगाड्यांचे गिअर दुरुस्त करतो आणि खाली मान घालून बोलतो. त्याचे वडील, अमादेओ, मात्र चिक्लायोचे. उत्तरेकडची माणसं तुला माहीत आहेतच. घरात पाऊल टाकल्याटाकल्या, खुर्चीवर बसायच्या आधी, त्यांच्याकडच्या बदकाच्या भाताचं कौतुक सुरू झालं. आता मीही आरेकिपाचा. म्हटलं, व्याही, भात आम्ही आजाऱ्याला देतो. आमची भरली रोकोतो मिरची खाऊन पाहा, भले भले रडतात. त्यावर त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ठरलं तर मग! तुमची मिरची ज्या दिवशी माझ्या डोळ्यांतून पाणी काढेल, त्या दिवशी रीतसर मागणी घालायला येतो. तोवर पोरं थांबतील." सगळे हसले. मीही हसलो. नेलिदा हसली नाही, कारण ती मला ओळखून आहे. तुझ्या भावजयीने, हुस्तिनाने, तर तिथल्या तिथे हात वर केले: "पैज तुमची, मिरची तुमची. मी पुनोची बाई, मला सूप सांगा."

म्हणून आमची हॉटेलवारी सुरू झाली. आधी मुलाच्या आग्रहाने कोळशावरच्या कोंबडीच्या हॉटेलात गेलो, निदान लग्नाची तारीख तरी बोलू म्हणून. ताई, या उपनगरात रोज सगळ्यांचा वाढदिवस असतो का? मी "तर मग" म्हटलं की ढोल वाजायचा, वेटर टाळ्या पिटत यायचे आणि आख्खं हॉटेल गाऊ लागायचं. पाचव्या वेळी त्यांनी चुकून व्याह्यांच्याच डोक्यावर चकचकीत टोपी घातली, आणि त्या माणसाने ती घरी जाईपर्यंत काढली नाही. दुसऱ्या ठिकाणी संध्याकाळी सात वाजता आमच्यापुढे सेविचे आणून ठेवलं. संध्याकाळी! लिंबात मुरवलेला मासा दुपारीच खायचा, हे इथलं शेंबडं पोर जाणतं. (व्याही म्हणाले, "आमच्याकडे मांजरसुद्धा या वेळी त्याला शिवत नाही." आमचं आजवर एकमत झालं ते तेवढंच.)

राहिलं आपल्या गावच्या पद्धतीचं हॉटेल. ते मी शेवटी ठेवलं होतं, त्याची कारणं माझी मला ठाऊक. भिंतीवर आपला मिस्ती पर्वत काढलाय, त्याला एकाऐवजी शिखरं दोन! तेही मी गिळलं. व्याह्यांनी गळ्यात फडकं बांधलं, इस्त्रीचा रुमाल ताटाशेजारी ठेवला, मिरचीचा भला मोठा घास घेतला. चावला. पुन्हा घेतला. मग वाढणाऱ्या मुलीला हाक मारून अगदी मऊ आवाजात विचारलं, "पोरी, गोड पदार्थ आधी का आणलास गं?"

मी चाखून पाहिलं. साखरेत उकडलेला टोमॅटो! माझ्या आईने, तुझ्याही आईने, ती मिरची पाहिली असती तर ओळखली नसती. मी मालकीणबाईंना बोलावलं आणि चारचौघांत तक्रारवही मागितली. कायद्याने ती प्रत्येक दुकानात ठेवावीच लागते, आणि तिच्यात लिहायचा मी कधी कंटाळा करत नाही. मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या, "आणते की. मिरची सौम्य केली तीही या वहीमुळेच. लेखी तक्रार आली, लेखी उत्तर दिलं, तिखटपणा उतरवायला मिरचीला उकळीची तीन पाणी जास्त लावली." आणि दोन महिन्यांपूर्वीचं पान उघडून त्यांनी वही माझ्यापुढे नाही, व्याह्यांपुढे ठेवली. व्याह्यांनी चष्मा लावला आणि शेजारच्या टेबलांनाही ऐकू जाईल असं वाचलं: "रोकोतो असह्य तिखट. हा स्वयंपाक नव्हे, सूड आहे. तातडीने सौम्य करावी." (हे शब्द तुला ओळखीचे वाटतील. मलाही वाटले.) खाली नाव, पत्ता, ओळखपत्राचा क्रमांक. नाव कोणाचं, हा मुद्दा गौण आहे. व्याही इतके हसले की रुमाल अखेर कामाला आला. डोळ्यांतून पाणी आलं ना, असं मी लगेच म्हणालो. "आलं, पण मिरचीने नाही," ते म्हणाले. "हे पाणी धरायचं नाही."

अशी ही आपल्या गावच्या अन्नाची विटंबना चालली आहे, आणि कोणालाही त्याची लाज नाही. एवढंच कळवायचं होतं. मागणं काही नाही.

तुझा धाकटा,
इलारियो

ता. क. पुढच्या रविवारी व्याही आमच्या घरी जेवायला येताहेत. शेवटची संधी म्हणाले. स्वयंपाकाला माझी बहीण येतेय, असं मी सांगून बसलोय. शुक्रवारच्या बसने निघालीस तर शनिवारी पोचशील. मिरच्या तुझ्या परसातल्या आण. एकच पाणी लाव. बिया काढल्याच पाहिजेत असं नाही.

आणखी एक. वहीतली सही माझीच. त्या दिवशी मी एकटाच गेलो होतो. पहिला घास घेतला तर थेट तुझ्या हातची चव. माझे डोळे पाहून वाढणारी पोरगी म्हणाली, "काका, तिखट लागलं का हो?" अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाने काय सांगावं? म्हटलं, हो, फार तिखट आहे, वही आण. आणि लिहायला बसलो तर तीन वर्षांपूर्वी तुझ्या वाढदिवसाला सगळ्या पाहुण्यांसमोर जे बोललो होतो, तेच हातून उतरलं. तेव्हाही ते खोटंच होतं. चार घास खाऊन पाचवा मागणार होतो.

रुमाल दोन इस्त्री करून ठेवलेत. एक व्याह्यांसाठी.