मालक : दादा

३ मार्च, सकाळी १०
दादाला जाऊन दोन महिने झाले. त्याच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानाची वेबसाइट अजून त्याचंच नाव आणि नंबर दाखवते. गिऱ्हाइकं फोन करतात, वहिनी उचलतात आणि दर वेळी सांगतात, ते आता नाहीत. काल सात वेळा सांगावं लागलं. म्हणाल्या, भाऊजी, तिथे माझं नाव-नंबर टाका, म्हणजे यांचा फोन बंद करता येईल. मी म्हटलं, टेम्प्लेटची सेटिंग म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. जेवायच्या आत करतो.

३ मार्च, दुपारी ३
जेवण झालं. सेटिंग नाही. ‘जतन करा’ दाबलं की लाल पट्टी येते : फाइलवर लिहिण्याची परवानगी नाही. मालक : दादा. लॉगिनचं नाव त्याने हेच ठेवलं होतं. क्षणभर तो मागे उभा आहे असं वाटलं. वळून पाहिलं. कपाट होतं.

४ मार्च
ब्राउझर बदलला. कॉम्प्युटर तीनदा बंद-चालू केला. मालक : दादा. बायको म्हणाली, माहीतगार माणसाला विचारा. मीच माहीतगार आहे, हे तिला लग्नाला इतकी वर्षं होऊनही पटत नाही.

५ मार्च, सकाळी ११
मुळाशी गेलो. प्रत्येक फाइलला परवानगीचा आकडा असतो. या फाइलचा ४४४, म्हणजे फक्त वाचा. मी ७७७ केला, म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं. नकार आला. आकडासुद्धा मालकच बदलू शकतो म्हणे. गेलेल्या माणसाने इतकं अडून बसावं?

५ मार्च, दुपारी ४
फाइल निदान वाचता येते. शेवटचा बदल दादाने केला, तो इस्पितळातून, जायच्या तीन दिवस आधी. सगळ्यात वर त्याने एक ओळ लिहून ठेवली आहे : ‘धाकट्या, इथे हात लावू नकोस. मागच्या वेळी सगळी मशीनं जांभळी केली होतीस.’
म्हणजे माझ्या कामाची त्याने शेवटपर्यंत दखल घेतली. ओळ पुन्हा वाचली. डोळ्यांना स्क्रीनचा त्रास होतो, चष्मा तपासायला हवा.

७ मार्च
होस्टिंगवाल्या बाईंना फोन केला. मदत मागायला नव्हे, खात्री करायला. त्या म्हणाल्या, फाइल दादांच्या खात्यावर आहे, तुम्ही तुमच्या खात्यातून शिरताय, आठवडाभर दाबत बसलात तरी होणार नाही. वहिनींची लेखी संमती घेऊन मालकी माझ्या खात्यावर करून दिली. माझं निदान बरोबरच होतं.
लगेच नंबर बदलला. वहिनींचा टाकणार होतो, पण त्यांच्या डोक्याला आणखी ताप कशाला? माझा टाकला. नाव दादाचंच ठेवलं, गिऱ्हाइकांना सवय आहे. वहिनींना म्हटलं, काम फत्ते. त्यांनी दादाचा फोन बंद केला.

९ मार्च
पहिला फोन. एका शिंपीणबाईंचा. दादा आहेत का? मी सांगणारच होतो. तोंडातून निघालं, बाहेर गेलाय, उद्या दुपारी या. फोन कसे घ्यायचे याचं माझं तंत्र अजून बसायचं आहे. उद्यापासून स्पष्ट बोलायचं.

१० मार्च
चार फोन. दादा जेवायला गेलाय. दादा झोपलाय. दादा आत्ता येईल. दादा आत्ता येईल.
खोटं आहे हे मला कळतं. पण तेवढं बोलेपर्यंत तो खरंच कुठेतरी जवळपास असतो.

११ मार्च, सकाळी
वहिनींचा फोन आला. काल शिंपीणबाई डोक्यावर मशीन घेऊन दुकानात आल्या आणि दादा येईपर्यंत थांबते म्हणून तासभर बाकावर बसून राहिल्या. शेवटी वहिनींनीच सांगितलं. त्यांनाही रडू आलं, बाईंनाही. मग वहिनींनी स्वतः ते मशीन दुरुस्त करून दिलं. मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, भाऊजी, मला सांगता येतं. तुम्हाला जमत नाहीये.

११ मार्च, दुपारी १२
वहिनींचा नंबर टाकला. दादाचं नाव काढलं, वहिनींचं लिहिलं. जतन करा. लाल पट्टी आली नाही. मी थोडा वेळ तिची वाट पाहिली.

११ मार्च, दुपारी ४
फोन हातात घेऊन बसलो आहे. एकही आला नाही.