गॉब्लिन मुका नाही

६ फेब्रुवारी

ती. माऊस,
सा. न. वि. वि.

आई सांगत होती, तुझी माऊ मावशी हल्ली दारावरची बेल वाजली तरी उठत नाही, दूधवाला पिशवी कडीला अडकवून जातो. ऐकून मला इतका राग आला की काय सांगू! तुझा नव्हे, कुणाचा तेच कळत नाही. गळ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष होत आलं, गाठ समूळ गेली म्हणून डॉक्टर सांगतात, मग माझी माऊ अशी घरात कोंडून घेऊन का बसली आहे? फोन तू घेत नाहीस आणि मेसेजला नुसता अंगठा पाठवतेस. म्हणून हे पत्र. पत्राला अंगठा पाठवून दाखव बघू.

आता कामाचं. शनिवारी दुपारी चष्म्याचं दुकान बंद झालं की मागच्या खोलीत, जिथे मी एरवी काचा घासते, तिथे आम्ही चौघं एक खेळ खेळतो. पट नाही, सोंगट्या नाहीत. मी एक जग रचते आणि पुढे काय दिसतंय ते सांगते. बाकीचे तिघं आपापलं पात्र होऊन काय करायचं ते ठरवतात, आणि ते जमलं की फसलं हे फासा सांगतो. तुझे जावई चिलखत घातलेला सरदार आहेत (घरात झुरळ दिसलं की खुर्चीवर चढतात, तो भाग वेगळा). कोपऱ्यावरचा बेकरीवाला मांत्रिक आहे आणि माझी दुचाकी दुरुस्त करते ती मैत्रीण तिरंदाज.

तुझ्यासाठी मी एक गॉब्लिन ठेवलाय, म्हणजे इंग्रजी परीकथांतला बुटका, खोडकर राक्षस. कमरेएवढा उंच, हिरवट, कान वटवाघळाचे, हात चोरटे, पोट कायम रिकामं. बहुतेक ठिकाणी गॉब्लिन म्हणजे गुहेच्या दारात पहिला मार खाणारा. पण आमच्या खेळात तो आपल्यातलाच एक होऊ शकतो. काय घडलं ते मी तुला लिहीन, त्याने काय करायचं ते तू लिही, मी शनिवारी वाचून दाखवीन. पहिला प्रसंग हा: किल्ल्याच्या दारात पहारेकरी आपल्याला अडवतो. आणि हो, मी त्याला मुका ठेवलाय. म्हणजे कधी वाटलं आणि आलीस, तर तुला बोलावं लागणार नाही. नाही म्हणू नकोस गं.

तुझ्या मायेची कायम हावरी,
खार

१३ फेब्रुवारी

चि. खारीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गॉब्लिन पोचला. कान आवडले. चोरटे हातही आवडले, आमच्या घराण्यात ते तुझ्या आजोबांचे होते, साखरेच्या डब्यापुरते. पण तो मुका का? तुला कुणी सांगितलं गं हा शहाणपणा करायला? मुकी मी आहे, तो नाही. उद्या मी लंगडी झाले तर मला लंगडा घोडा देशील काय?

अख्खी नोकरी मी बसस्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारल्या. कुठली गाडी कधी सुटणार हे लोक मला विचारत, घड्याळाला नाही. भाजीवालीसुद्धा मला आवाजावरून ओळखायची, चेहऱ्यावरून नाही. आता गळ्याला भोक आहे. त्यावर बोट ठेवलं की आत बसवलेल्या झडपेतून वारा वर जातो आणि जे काही बाहेर पडतं, ते पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं असतं. दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या बाईंसमोर मी ते एकदाच ऐकलं. पुन्हा ऐकायची माझी छाती नाही. बाई म्हणतात रोज सराव करा. मी करत नाही. आईला सांगितलंस तर याद राख.

तेव्हा गॉब्लिन बोलणार, आणि भरपूर बोलणार. त्याचं नाव चोंबड्या. तुझ्या किल्ल्याच्या दारात पहारेकरी अडवतो म्हणालीस ना? तर चोंबड्या सरदाराच्या ढालीमागून डोकं काढतो आणि पहारेकऱ्याला सांगतो की साहेब मी आहे, हा चिलखतवाला माझा गडी, अंगाने आडवा पण डोक्याने साधा, त्याला बोलू नका, रडतो. एवढं वाच.

एकच अट. तिथे कुणाला माझ्या गळ्याचं सांगायचं नाही. विचारलंच तर घसा बसलाय म्हणून सांग. कीव करणारी माणसं मला आता बघवत नाहीत.

जीव लावतेस तसा लावत राहा, पण शहाणपणा कमी कर.
तुझी माऊ

२० फेब्रुवारी

ती. माऊस,
सा. न. वि. वि.

चुकले, चुकले, कान पकडते. चोंबड्याला वाचा दिली. पहारेकऱ्याने दार उघडलं आणि बेकरीवाला हसून हसून टेबलाखाली जायचा बाकी राहिला. तुझे जावई मात्र फुगून बसले आहेत. त्यांच्या सरदाराचं म्हणणं, गॉब्लिनच्या जातीवर विश्वास ठेवायचा नसतो, रात्रीत गळा कापतील. तिरंदाजीण म्हणाली की सकाळपासून त्यानेच तर आपल्याला तीन सापळ्यांतून वाचवलंय, आणि तुझ्या बुटाची बकलं चोरली ती काही गळा कापण्यात मोडत नाहीत. यावर खेळ थांबवून वाद घातला दोघांनी! मी गंमत बघत बसले.

नियमातलं एक सांगायचं राहिलं. गॉब्लिनला एक सवलत असते. वार चुकला की त्याला तिथल्या तिथे पळून दडी मारता येते, बाकी कुणाला येत नाही. चोंबड्याने ती दोनदा वापरली आणि तरला. पण माऊ, तूही तेच करते आहेस. एकदा आवाज ऐकलास आणि दडी मारलीस ती मारलीसच. मला तुझी फार आठवण येते. तुझा आधीचा आवाज आठवतो असं नाही गं, तू आठवतेस. कुठल्याही आवाजात मला ओरडलीस तरी चालेल.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी खार

२ मार्च

ती. मावशींस,
सा. न. वि. वि.

तुमच्या भाचीच्या नकळत लिहितोय, तेव्हा माझं नाव सांभाळा. तुम्ही पाठवता ते चोंबड्याचं बोलणं कागदावर वाचलं की मी एकटाच हसत सुटतो. पण ही जेव्हा ते टेबलावर वाचते ना, तेव्हा तो गॉब्लिन वाटत नाही, बक्षीस समारंभातला आभार मानणारा वाटतो. मागच्या शनिवारी चोंबड्याने चेटकिणीला धमकी दिली, तर बेकरीवाल्याला वाटलं तो तिला चहाला बोलावतोय. मी एकदा सुचवून बघितलं, तर दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलणं झालं.

मला तो चोंबड्या आवडायला लागलाय, बकलं गेली तरी. त्याची अशी माती होताना बघवत नाही. तुम्हीच काहीतरी करा.

तुमच्या लोभातला वाटेकरी,
जावई (तोच गडी)

५ मार्च

चि. खारीस,
अ. उ. आ.

कुणी चहाडी केली ते विचारू नकोस. तू चोंबड्याला गोड आवाजात वाचतेस म्हणे! अगं, काय हे? धमकी आहे ती. पुकारणाऱ्या माणसाचा साधा नियम आहे, महत्त्वाच्या शब्दाच्या आधी थांबायचं, नंतर नाही. आधी थांबलं की धावतपळत जाणारा माणूससुद्धा कान टवकारतो. नंतर थांबलीस तर तुझी गाडी गेली. तू शब्दामागून शब्द वेणीसारखे गुंफत जातेस, लहानपणापासूनची खोड आहे तुझी.

कळल्यापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. काल भांडी घासता घासता चोंबड्या चेटकिणीला कसं बोलला असता ते मी ओठांनी म्हणून बघत होते. असं माझं काम कुणी बिघडवलेलं मला खपत नाही. म्हणून या शनिवारी मी येते आहे. गळ्याला स्कार्फ असेल. मी चिठ्ठ्या लिहीन, कुठे थांबायचं तिथे रेघ मारून देईन, तू तशी वाचायचीस. मी बोलणार नाही आणि कुणी आग्रह करायचा नाही. खिडकीजवळची खुर्ची ठेव.

जीव आहे म्हणून बोलते, तोही जपून ठेव.
माऊ

११ मार्च

ती. माऊस,
सा. न. वि. वि.

घरी नीट पोचलीस का? मी इथे विचार करकरून अर्धी झालेय. काल काच घासताना बोट कापून घेतलं, लक्षच नव्हतं.

माऊ, ते जे झालं ते तुला तसं दिसलं का, जसं मला दिसलं? सरदार पुलावर आडवा पडलेला, राक्षसाने पाय उचललेला, आणि राक्षसाचं लक्ष आपल्याकडे ओढून घ्यायला फक्त चोंबड्या उरलेला. तू चिठ्ठी दिलीस. मी वाचली. तू नकारार्थी मान हलवलीस. मी पुन्हा वाचली, तर तू कपाळाला हात लावलास. तिसऱ्यांदा मी तोंड उघडायच्या आत तू चिठ्ठी माझ्या हातातून ओढलीस, बोट स्कार्फखाली गेलं, आणि त्या खोलीत चोंबड्या बोलला. त्याने राक्षसाला सांगितलं की हा पूल दुरुस्तीसाठी बंद आहे, अवजड प्रवाशांनी पलीकडच्या टोकाला जावं, आणि ‘अवजड’च्या आधी असा काही थांबला की तिरंदाजीण जागची उठून उभी राहिली. बेकरीवाल्याने टाळ्या पिटल्या.

फासा काय पडला ते मी पाहिलंच नाही. डोळ्यांत पाणी होतं, काही दिसत नव्हतं. राक्षस गेला असं सांगून टाकलं. तुझे जावई म्हणतात फासा तीनच पडला होता, म्हणजे चोंबड्याचा चेंदामेंदा व्हायला हवा होता. पण वाचले ते स्वतःच, म्हणून तोंड बंद ठेवलं.

पण मग तू पुन्हा चिठ्ठ्यांवर का गेलीस? खेळ संपल्यावर मला नुसतं कुशीत घेतलंस आणि पर्स उचलून निघालीस. मी सोडायला येते म्हटलं तर मानेनेच नको म्हणालीस, त्या बेकरीवाल्याला बरोबर नेलंस. मी तुला ढकललं का? तो आवाज ऐकून तुला पुन्हा दवाखान्यातल्यासारखं झालं का? मला भीती वाटतेय की तू आता कधी येणारच नाहीस. काहीतरी लिही, दोन ओळी का होईना.

तुझ्या एका ओळीची वाट बघणारी,
खार

१४ मार्च

चि. खारीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बोटाला औषध लाव आधी. वेडी कुठली.

पळाले, हे खरं आहे. चोंबड्या बोलत होता तोवर मला काही वाटलं नाही. त्याचा आवाज तसाच असायला हवा ना, खडे हलवल्यासारखा. खेळ संपला आणि तुम्ही सगळे माझ्याकडे बघायला लागलात. आता चोंबड्या नाही, आता मीच, असं वाटलं. म्हणून निघाले. तू ढकललं नाहीस गं. तू वाईट वाचलंस, एवढंच केलंस.

बेकरीवाला स्टॉपपर्यंत आला. भला माणूस आहे, वाटभर एकटाच बोलत होता. त्याने असा गॉब्लिन जन्मात ऐकला नाही म्हणे. घसा दाबून आवाज काढायची ही युक्ती कुठे शिकलात, नाटकात होता का, म्हणून विचारत राहिला. तू दिलेला शब्द पाळलास, त्याला काही म्हणजे काही ठाऊक नाही. मी नुसती हसून मान हलवत होते. स्टॉपवर बरीच रांग होती. तिथे उभा राहून तो म्हणाला की आता खेळ संपला, आता तरी तुमच्या खऱ्या आवाजात दोन शब्द बोला, बसलेल्या घशाला तेवढं जमेल.

मी चिठ्ठीसाठी पर्स उघडली. पेन होतं, कागदही होता. मग काय झालं कुणास ठाऊक, पर्स बंद केली, बोट गळ्याशी नेलं आणि म्हणाले, की हाच माझा आवाज आहे.

नेमकी तेवढ्यात बस आली. ती बस म्हणजे काय धडधड! त्याने कानाशी हात नेला आणि विचारलं, काय म्हणालात, ऐकू नाही आलं. माझी काय दशा झाली असेल, कल्पना कर. एवढा धीर एकवटून एकदा बोलले होते, आणि ते वाया! सोडून देऊन बसमध्ये चढता आलं असतं. पण गाड्यांच्या गोंगाटावर मात करून बोलण्यात मी हयात घालवली आहे. छाती भरून श्वास घेतला, बोट घट्ट दाबलं आणि पुन्हा म्हणाले, मोठ्याने. सगळी रांग वळून बघायला लागली. बघू दे म्हटलं. त्या माणसाचे डोळे भरून आले, पण कीव नव्हती गं त्यांत, असती तर मला कळली असती. तो म्हणाला, आत्ता ऐकू आलं.

तुझी माया माझ्यावर आहे ती आहेच, मागायची कशाला.
माऊ