पायथ्याची हिरवळ

प्रिय शहाणे,

पत्र माझं आहे, अक्षर शिंपिणीचं आहे. तिचा सगळा जन्म बाह्या आणि कमरा लिहिण्यात गेला, त्यामुळे मध्येच कुठे छत्तीस-अडतीस आलं तर ते माझं माप समजू नकोस. मी आधीच ताकीद दिली आहे की मी बोलेन तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही. ती म्हणते, "मावशी, तुम्ही बोलता तसं लिहिलं तर कागद लाजेल." म्हटलं, हेही लिही. लिहिलं की गाळलं ते तूच बघ. मला काय, सगळ्या ओळी सारख्याच काळ्या.

आता तू म्हणशील, घरात फोन असताना म्हातारीला पत्राचे डोहाळे कसे लागले. सांगते. पण मला जरा फिरून येऊ दे. सरळ मुद्द्यावर यायला मी काही तुझ्या कचेरीतली कारकून नाही, आणि आज मुद्दा असा आहे की पाय तिकडे लवकर वळत नाहीत.

थंडी सरत आली आहे. म्हणजे गेली नाही. निघते निघते म्हणत उंबऱ्यात तासभर बोलत उभ्या राहणाऱ्या पाहुणीसारखी आहे. सकाळी तलावाच्या कडेला अजून बर्फाचा पातळ पापुद्रा धरतो, दुपारी विरतो. झाडं खराट्यांसारखी उभी आहेत. आवाज म्हणशील तर नाहीच. हे दिवस तुला लहानपणीही आवडत नसत. बांधावरून चालताना माझं बोट सोडत नसायचीस, कारण आपल्याच पावलांचा आवाज मागून कुणी येतंय असा वाटायचा. मी हसायचे तुला. यंदा मीच दोनदा मागे वळून पाहिलं. तुमच्या पाटबंधाऱ्याच्या कचेरीने उन्हाळ्याच्या सोयीसाठी तलाव काठोकाठ भरून ठेवायला लावला ना, तेव्हापासून पाणी बांधाच्या पार छातीशी येऊन बसलं आहे. हलत नाही, डुलत नाही. आणि खालच्या गल्लीत चाळीस घरं त्याच्याकडे पाठ करून भांडी घासतात, पोरं वाढवतात, एकमेकींशी भांडतात. मातीच्या बांधावर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त भरवसा आहे.

आणि हो, वसंत आला! साऱ्या मुलखाच्या आधी आपल्याकडे. तुझ्या बापाने फोटो पाठवलाच असेल, त्याला कुठे राहवतंय. बांधाच्या पायथ्याशी, राखणदाराच्या दगडी खोलीच्या पलीकडे, तीन आठवड्यांपूर्वी चादरीएवढा हिरवा तुकडा उगवला. आता चार चादरी झाल्या. मऊसूत गवत, त्यात बारीक पिवळी फुलं, आणि काल तर एक बेडूक ओरडला. आजूबाजूचं सगळं रान वाळून काडी झालेलं, त्यावर सकाळचं दहिवर गोठलेलं, आणि मधोमध हे कौतुक. तुझ्या बापाने तिथे बाक नेऊन ठेवला आहे. गल्लीतली माणसं दुपारी येतात, बसतात, "एवढ्या थंडीत बघा हो!" म्हणतात. शिंपिणीच्या दोन्ही मुलींनी तिथली फुलं आणून मला दिली. मी घेतली, केसांत नाही खोचली. तुझा बाप म्हणाला, "आई, जरा चांगलं बघायला शीक." मी बघितलंच रे बाबा. वहाणा काढून त्या गवतात पाय ठेवून बघितलं. जमीन खाली दबली, भिजवलेल्या कणकेसारखी. आणि शहाणे, ती ओल गार नव्हती. बाहेरच्या हवेपेक्षा उबदार होती. तसं पाणी आपल्याकडे या दिवसांत एकाच ठिकाणी असतं, तलावाच्या तळाशी.

तुझ्या आजोबांची बादली तुला आठवते का? नवीन आलेल्या साहेबांना वाटायचं हा राखणदार कपडे धुतो तिच्यात. मातीचा कुठलाही बांध थोडा पाझरतोच, त्यात वावगं काही नाही. तो पाझर पायथ्याच्या नळीतून बाहेर पडतो. दर सोमवारी त्या नळीखाली बादली धरायची आणि भरेपर्यंत आकडे मोजायचे. साहेबांनी पुढे तिथे आकड्यांची पट्टी बसवली, पण ती पहिल्याच वर्षी शेवाळली. आजोबा गेल्यावर बादली माझ्याकडे आली. तुझा बाप राखणदार झाला खरा, पण तो मोजताना बोलायला लागतो आणि मग पुन्हा एकपासून. मला लिहिता येत नाही, मोजता येतं. मी विसांनी मोजते. तलाव भरलेला असला की सात विसा आणि दहा, इतक्यात बादली भरते. माझं लग्न होऊन मी इथे आले तेव्हापासूनचा हिशेब. मी आकडा सांगायचा, तुझ्या बापाने वहीत लिहायचा, वही तुमच्याकडे जायची. आजोबांनी मला बजावून ठेवलं होतं, की पाझर वाढला तर मला उठव, आणि तलाव भरलेला असताना पाझर कमी झाला तर पळत ये. मी तेव्हा नवी नवरी, विचारलं, कमी झाला तर चांगलंच नाही का? ते म्हणाले, "अगं, पाणी तेवढंच आहे. नळीतून येत नसेल तर दुसरीकडून जातंय, आणि ते आपल्याला दिसत नाहीये."

मी तुझ्या बापाला म्हटलं, तुझा बाक पाण्यावर ठेवला आहेस. तो हसला. मग चिडला. तो घाबरला की चिडतो, अगदी लहानपणापासून. म्हणाला, "वहीत सगळं नेहमीसारखं आहे, हिवाळ्यात तपासणी झाली आहे, खुद्द तुझ्या नातीने सही केली आहे. आता गवत उगवलं म्हणून मी वर कळवू? मला वेड्यात काढतील." बांधाचा दरवाजा उघडून पाणी थोडं उतरव म्हटलं, तर वरच्या हुकमाशिवाय तो दरवाजाच्या चाकाला हात लावत नाही. आजोबांच्या हाताखाली त्याच्याआधी जो मदतनीस होता त्याने लावला होता, आणि तो कायमचा घरी बसला. मग काल मीच शिंपिणीकडून तुझ्या कचेरीत फोन लावून घेतला. तू दौऱ्यावर होतीस. कुणी तरुण साहेब होते, आवाज फार गोड. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आजी, वसंताची तक्रार पहिल्यांदाच ऐकतोय." मी म्हटलं, तुम्ही इथे येऊन अनवाणी उभे राहा, मग ऐका. तर म्हणाले, तोंडी नोंद होत नाही, लेखी द्या. बघ, उभ्या जन्मात मला कुणी लेखी मागितलं नव्हतं!

म्हणून शिंपीण. ती आली तेव्हा हसत होती, म्हणाली, मावशी, नातीला चहाड्या कळवायच्या असतील. आता हसत नाहीये. आज सकाळी मी तिला बांधावर घेऊन गेले होते. गेल्या पानगळीची वाळकी पानं पाण्यावर थंडीभर एका जागी पडून होती, बांधाजवळ, हातभर अंतरावर. आज ती फिरत होती. वारा नव्हता. अगदी सावकाश, जात्यासारखी, गोल गोल, आणि मधलं पान बुडालं ते वर आलं नाही. तिथून आम्ही खाली उतरलो. बाकाच्या मागे गवतातून करंगळीएवढी धार लागली होती. मी पेला भरून आणला. तो आता आमच्या दोघींच्या मध्ये टेबलावर आहे. भरला तेव्हा चहासारखा होता. आता वर पाणी निवळलंय आणि तळाला दोन बोटं माती बसली आहे. ती माती बांधाच्या पोटातली आहे, शहाणे. पाझर स्वच्छ असतो तोवर बांध घाम गाळतोय असं समजायचं. गढूळ झाला की त्याला आतून कुणीतरी खातंय. शिंपिणीचं घर गल्लीत वरून पहिलं. तिची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहे. आत्ता इथवर लिहून तिने लेखणी खाली ठेवली आणि विचारलं, "मावशी, किती दिवस आहेत?" मी म्हटलं, डोंगरावरचं बर्फ सुटायला लागलं आहे, दोन दिवसांत ते पाणी खाली येईल आणि तलाव आणखी चढेल. त्यानंतरचं मला विचारू नकोस. ती उठून गेली. मुलींना आणि शेजारच्या चौघांना आईची खाट उचलून टेकडीवर आमच्याकडे आणायला सांगितलं, आणि परत येऊन बसली. म्हणाली, लिहिते, बोला. मी इतकी वर्षं तिला भित्री म्हणत होते.

आता मुद्दा. शिंपिणी, हे नीट लिही, आणि माझ्याकडे बघू नकोस. शहाणे, सात विसा आणि दहा हा आकडा खोटा आहे. पानगळीपासून बादली भरायला जास्त आकडे लागू लागले. आधी आठ विसा, मग दहा, थंडीच्या ऐन मध्यात तेरा विसा, म्हणजे नळीचा पाझर आटत चालला होता. पण तेव्हा मला वाटलं, मीच बिघडले. वय झालं, मध्ये आकडे दोनदा घेते आहे, नाहीतर भरभर मोजते आहे. गेल्या वर्षी मी चूल पेटती ठेवून बाहेर गेले होते, तेव्हापासून तुझा बाप माझ्याकडे कसा बघतो ते मला ठाऊक आहे. बादली काढून घेतली असती तर मग मी या घरात नुसती जेवायला. म्हणून मी दर सोमवारी जुनाच आकडा सांगत राहिले, आणि तो लिहीत राहिला. त्याचा यात काही दोष नाही, हे वेगळ्या ओळीत लिही गं. आणि हिवाळ्यात तू तपासणीला आलीस, वही मिटलीस आणि म्हणालीस, "वही राहू दे, आजी, तू सांग." मी तुझ्या तोंडाकडे बघून तेच सांगितलं. तू सही केलीस ती वहीवर नाही, माझ्या शब्दावर. ती सही आहे म्हणून तलाव भरलेला आहे. हे पत्र शिंपीण आत्ताच्या गाडीने घेऊन निघते आहे, सोबत त्या पाण्याची बाटली आहे, खाली माझा अंगठा आहे. यानंतर तुझ्या नोकरीचं काय होईल मला सांगता येत नाही. माझ्यामुळे होईल एवढं कळतं, आणि ते फोनवर तुझ्या कानात सांगायची माझी हिंमत नव्हती, हेही खरं. साहेबांपुढे हे मोठ्याने वाच. मला खोटारडी ठरव, भ्रमिष्ट ठरव, पुन्हा तोंड बघू नकोस. पण आधी दरवाजा उघडायचा हुकूम काढ, मग ठरव.

तुझीच,
आजी
(अंगठा डाव्या हाताचा. माझ्यासमोर उठवला. — शिंपीण)