बाहीच्या खाली

९ मार्च
पाच आठवडे वही उघडली नाही. क्षमा. कुणाची मागतेय ते कळत नाही, वहीला काय फरक पडतो. लिहायला बसले की एकच गोष्ट लिहावी लागली असती, म्हणून टाळत राहिले.

आता लिहिते. २ फेब्रुवारीला सकाळी अकराच्या सुमारास मी माझ्या मेडिकलमध्ये शालनला कंबरदुखीचं इंजेक्शन दिलं. चिठ्ठी डॉक्टरांची, औषध बरोबर, सुई नवी. जागा चुकली. दुसऱ्या दिवसापासून तिचा उजवा हात मनगटातून खाली लोंबतो आहे.

शालन ऐंशी भाकऱ्या थापते रोज. लोणी देवकरच्या कारखान्यातल्या पोरांच्या मेसला. थापायची, असं लिहायला हवं आता.

११ मार्च
क्रमानं लिहायला हवं, नाहीतर मी स्वतःला सोडून देईन.

डॉक्टर चिठ्ठी देतात, लोक इंजेक्शन विकत घेतात आणि माझ्याकडूनच टोचून घेतात. फार्मसीच्या पदवीत सुई टोचायला शिकवत नाहीत. नाही म्हटलं की ऐकवतात, मॅडमना लई झालंय. म्हणून पंधरा वर्षं देतेय.

चिठ्ठीवर कमरेत द्या असं होतं. काउंटरला तीन पुरुष उभे. मागे बाक आहे, पडदा आहे, पालथी हो म्हटलं. ती म्हणाली, "ह्यांच्या म्होरं? नगं बाई. दंडात द्या की." ब्लाउजची बाही दंडाच्या निम्म्याच्या खाली आलेली, घट्ट. वर सरकेना. ब्लाउज काढायचा प्रश्नच नव्हता. मी बाहीच्या काठाखाली, बाहेरच्या अंगाला सुई घातली. असं मी किती बायकांना दिलंय. इकडे सगळ्यांच्या बाह्या तेवढ्याच.

ती ओरडली. अंगठ्यापर्यंत करंट गेला म्हणाली. तिथेच सुई काढायला हवी होती. मी "झालंच, झालंच" म्हणत उरलेलं औषध आत ढकललं.

ढकललं. हा शब्द खोडायचा नाही.

१२ मार्च
माळ्यावरून पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकलची वही काढली. हाताच्या नसांची आकृती, माझीच. रेडियल नस पिवळ्या रंगात. दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून बाहेरच्या बाजूला येते, तिथे अगदी हाडालगत. मनगट उचलायचं, बोटं सरळ करायची, हे तिचं काम. मूठ मिटायला दुसऱ्या नसा. म्हणून शालन वस्तू धरू शकते, पण मनगट पडलेलं, त्यामुळे पकडीत जोर नाही. आणि धरलेलं धड सोडता येत नाही.

नेमकी तीच जागा. बाही संपते तिथे नस वर येते. आकृतीला दहापैकी नऊ मिळाले होते.

१९ मार्च
शालनला घेऊन बारामतीला गेले, नसांच्या डॉक्टरांकडे. शेजारीण म्हणून. हे कसं झालं, त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं होतं. (उघडलं होतं का? आज खात्री नाही.) त्याआधीच शालन म्हणाली, "लग्नाला गेले व्हते. दमून हातावर डोकं ठिवून निजले."

डॉक्टरांनी मान हलवली. असे बरेच येतात म्हणाले. दाबाने नस बधिर होते, दोन-तीन महिन्यांत आपोआप येते. मनगट उचलून धरणारी पट्टी दिली, व्यायाम दाखवले. तपासण्या एवढ्यात नकोत.

स्टँडवर तिला विचारलं, खोटं का बोललीस? म्हणाली, "तुमचं दुकान बंद पडलं तर आमी ताप आला की इंदापूर गाठायचं व्हय?" आणि हसली. मीही हसले.

मी हसले, हे लिहून ठेवते.

३० मार्च
शालनच्या घरी. जाऊ भाकऱ्या करते, कुरकुरत. मेसवाल्याचा निरोप आला होता की भाकरी जाड येते, पोरं परत पाठवतात. शालनने माझ्यासमोर एक थापून पाहिली. डाव्या हाताने पीठ मळलं. थापायला उजवा पंजा पिठावर आला आणि मिटून तिथेच पडला. सासू चुलीपाशी बसून म्हणाली, हात हाय का वाळत घातलेलं फडकं. शालन म्हणाली, "फडकं वाळतं तरी, आत्याबाई."

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांचं म्हणणं: तू बोललीस म्हणून नस परत येणार आहे का, परवाना मात्र जाईल. आणि ती स्वतःच झाकतेय, मग तुला काय. प्रत्येक वाक्य वेगळं धरलं तर बरोबर आहे. एकत्र धरलं की पटत नाही.

पण ह्यांच्यामुळे गप्प आहे असं नाही. तेवढा आडोसा नको घ्यायला. मी माझीच गप्प आहे.

२६ एप्रिल
रोज दुपारी दुकान बंद करून तिच्याकडे जाते, व्यायाम करून घेते. माझ्या तळव्यावर तिचा हात ठेवायचा, उचल म्हणायचं. ती दात आवळते, खांदा उचलते, मान वाकडी करते. मनगट जागचं हलत नाही. कोपराखालचा मागचा भाग सपाट होत चाललाय, पट्टी सैल बसते.

आज म्हटलं, थोडं हललं बघ. ती म्हणाली, "ताई, तुमी खोटं बोलताना चष्मा पुसता."

२४ मे
सोळा आठवडे. दाबाने झालं असतं तर आतापर्यंत काहीतरी यायला हवं होतं. डॉक्टर एका खोट्यावर थांबलेत, आणि ते खोटं माझ्यासाठी आहे. हे मला मार्चमध्येही कळत होतं. कळत नव्हतं असं लिहिणार होते.

काल शालनने विचारलं, येईल ना? मी येईल म्हटलं.

९ जून
बारामती. आज नसेची तपासणी. करंट देऊन बघतात. ती झाल्यावर शालन बाहेर बसली होती, तेव्हा मी डॉक्टरांना सांगितलं. दंडात इंजेक्शन मी दिलं. ती ओरडली तरी थांबले नाही. चार महिने गप्प राहिले.

त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावले नाहीत, त्याची तयारी करून गेले होते. म्हणाले, हे पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. सुई लागणं वेगळं, औषध नसेत जाणं वेगळं. औषध नसेला आतून जाळतं. तपासणीत ह्या नसेतून दंडाच्या खाली करंट पोचतच नाहीये. आता दंड उघडून नस बघायची. तिथे नुसता वण असेल तर हाताच्या आतल्या बाजूचे स्नायुबंध मागे वळवून मनगटाला जोडायचे. मनगट उचलता येईल बहुतेक. भाकरी थापण्याबद्दल विचारलं तर म्हणाले, तसं काही कबूल करणार नाही.

आधी सांगितलं असतं तर? "सांगता येत नाही."

त्यांनी हो तरी म्हणायला हवं होतं, नाहीतर नाही तरी.

शालनला त्यांनीच आत बोलावून सगळं सांगितलं. परतीच्या एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. नाक्यावर उतरल्यावर बोलली. "घरात मी समद्यांना झोपेत झालं म्हणून सांगितलंय. आता आत्याबाई म्हणणार, ठावं असून लपवलंस. ह्यांच्या म्होरं काय तोंड दावू? तुमाला मोकळं वाटलं आसंल. माझा हात हाय तसाच हाय."

खरं आहे. बारामती सुटल्यावर एसटीत मला गाढ झोप लागली होती. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा. तिने पाहिलं असणार.

११ जून
शालनचा नवरा दत्ता दुकानात आला. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत बाजूला उभा राहिला. मग विचारलं, "व्हय का?" मी होय म्हटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने आईच्या बीपीच्या गोळ्या मागितल्या, घेतल्या, गेला.

इंजेक्शन देणं बंद केलंय. तशी पाटी लावली. सकाळपासून चार जणींनी ऐकवलं, एवढ्यासाठी आता कुठं जायचं. एकीची बाही बघत राहिले.

१२ जून
ऑपरेशनचं अजून ठरत नाही. दत्ता म्हणतो करू. सासू म्हणते, आहे तेवढा तरी हात राहू द्या. मी दुपारी गेले तर शालन आत निघून गेली. व्यायाम झाला नाही.

जाऊ कालच माहेरी गेली, कधी येईल सांगून गेली नाही. मेसवाला म्हणाला, सोमवारपासून दुसरीकडून घेतो. हे मला सासूने उंबऱ्यावरच सांगितलं. आत ये म्हणाली नाही.

मी एका वेळी सहाच्या वर भाकऱ्या कधी थापल्या नाहीत. माझ्या कडेला फाटतात. शालन दारातून परत पाठवेल, पाठवावंच कदाचित. हे तिच्यासाठी करतेय की पुन्हा झोप लागावी म्हणून, ते ठरत नाही. ठरेपर्यंत थांबले तर मार्चसारखंच होईल.

उद्या: पहाटे पाचला शालनकडे, ऐंशी भाकऱ्यांचं पीठ मळायला.