डुलकीचा काटा काढणे

४ मार्च
मेव्हण्याने कॉम्प्युटरवर 'धुमश्चक्री' नावाचा गेम टाकून दिला. फुकट आहे. ऑनलाइन दोन टोळ्या, बंदुका, मेलं की पुन्हा जिवंत. पोरखेळ. तो म्हणाला, दाजी, आधी एखादं झकास नाव घ्या. घेतलं नाही. गेमने आपणहून 'सैनिक ४४७१' दिलं, तेच ठेवलं. ओळख लपलेली बरी. कपडेही गेमने दिलेले करडेच. मला भपका आवडत नाही.
चष्म्याच्या दुकानात इतकी वर्षं लोकांचे नंबर काढतोय. नजर म्हणजे काय, हे मला कोणी शिकवू नये. एक डाव खेळून बंद करणार.

६ मार्च
'डुलकी' नावाच्या इसमाने मला मारलं. पाठीमागून. वर माझ्या प्रेतावर उभं राहून उठाबशा काढल्या! पुन्हा जिवंत झालो. पुन्हा मारलं, पुन्हा उठाबशा. जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, खेळच तर आहे, मनाला काय लावून घेतोस, आणि बेसिनचा नळ गळतोय तो बघ.
नळ नंतर. माणसाला काही इज्जत असते की नाही?
संकल्प: डुलकीचा काटा काढल्याशिवाय हा गेम सोडणार नाही.

७ मार्च, दुपारी
दुकानात गिऱ्हाईक नाही. अक्षरांच्या तक्त्यावर बोट रोखून नेम धरायचा सराव केला. मालक मागे कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. काय चाललंय विचारलं. पाल होती म्हणालो. ते बराच वेळ पाल शोधत होते.

१० मार्च
आखणी पक्की. गोदामाच्या मागून शिडीने वर, शेवटच्या खिडकीत दबा, डुलकी दिसला की खल्लास. रोज हाच मार्ग. शिस्तीशिवाय सूड उगवत नाही.
आज शिडीवरच मेलो. उठाबशा. माऊस फार हलका आहे, त्यामुळे हात सटकतो.

१३ मार्च
नवा माऊस. फार जड आहे.

१५ मार्च
मेव्हण्याला जोडीला घेतलं. त्याने माझ्या शेजारी बसून नुसते प्रश्न विचारले. दाजी, रोज त्याच शिडीवरून का जाता? दाजी, भिंतीवर गोळ्या का मारताय? म्हटलं, तिथे माणूस होता. तो म्हणाला, ती कुंडी होती.
पुढे ज्ञान पाजळलं. म्हणे या गेमला आता फारसे खेळाडू मिळत नाहीत, म्हणून कॉम्प्युटर आपल्याच बाहुल्या मैदानात सोडतो. त्या ठरलेल्या वाटेने जातात, बोलत नाहीत, गोळ्या कुठेही झाडतात. मी म्हटलं, असली बाहुली ओळखणं माझ्या डाव्या हातचा मळ आहे. तो माझ्याकडे बघत राहिला. मग नळ बघतो म्हणून उठला. फितूर.

१७ मार्च
मालक म्हणाले, मोबाइल इतका लांब धरून का वाचता? गिऱ्हाइकांचे नंबर काढता, एकदा स्वतःचाही काढून घ्या. मी हसून सोडून दिलं. मनात नोंद केली आहे. डुलकीनंतर यांचा नंबर.

१९ मार्च
मेव्हणा म्हणतो, डुलकीशी गेममध्ये लिहून बोला, ओळख होईल. शत्रूशी गप्पा? माझं मौन त्याला आतून पोखरत असणार.
आज खिडकीपर्यंत पोचलो! तिथे मेलो.

२३ मार्च
मैदान ओस पडत चाललंय. जिकडे तिकडे बाहुल्या. माणसं पळाली. माझी दहशत, दुसरं काय?
डुलकी मात्र रोज येतो. निर्लज्ज.

२५ मार्च
गेमच्या कंपनीने कळवलंय की खेळाडू पुरेसे नाहीत, ३१ तारखेला संध्याकाळी सहाला गेम कायमचा बंद. आत्ता कुठे सुरू झाला होता! मी मेलेलाच राहणार आणि तो उठाबशा काढून मोकळा?
नाही. ३१ला निकाल लागेल. बायकोला सांगितलं, एकतीसनंतर नळ. तिने पान्हा कुठे ठेवलाय तेवढं विचारलं. पटलं असावं.

३१ मार्च, संध्याकाळी
पोट बिघडल्याचं सांगून दुकानातून लवकर आलो. मैदानात सगळ्या बाहुल्या, एक डुलकी आणि एक मी. शेवटची वेळ म्हणून मौन सोडलं. एका बोटाने टाईप केलं: मी आलोय. तयार राहा.
मग उत्तर आलं. अय्या, तू माणूस आहेस?
बाई निघाली. म्हणाली, तिला मी कॉम्प्युटरची बाहुली वाटत होतो. तसलंच नाव, तेच करडे कपडे, रोज तीच शिडी, तीच खिडकी, कुंडीवर गोळीबार. शिवाय तोंडातून अक्षर नाही. म्हणून आईला खेळ शिकवताना ती मुद्दाम मलाच गाठायची. आईला नेम जमला की दोघी खूश. उठाबशांचं विचारलं. म्हणाली, त्या आईच्या. तिला चालायचं बटण सापडायचं नाही, ती बसायचंच दाबत राहायची.
मग म्हणाली, सॉरी हं, आईलाही फार वाईट वाटतंय. घे, मार. आणि माझ्यासमोर येऊन स्तब्ध उभी राहिली. एवढी जवळ, की मलाही स्पष्ट दिसली.
पण अशी भीक घ्यायची? दोन खडे शब्द सुनावून मग मारायचं ठरवलं. चष्मा नसताना अक्षरं शोधायची म्हणजे... (चष्मा मला लागत नाही.) 'मी तुला सोड' इथपर्यंत आलो आणि सहा वाजले, स्क्रीन काळा झाला. खाली कंपनीने आभार मानले होते.

१ एप्रिल
गेम उघडून पाहिला. उघडत नाही.
मेव्हण्याने फोन करून विचारलं, काय झालं? शरण आला, म्हणालो.
संध्याकाळी पान्हा घेऊन बेसिनखाली शिरलो. नळ गळतच नव्हता. बायको म्हणाली, तो मी गेल्याच आठवड्यात बसवला, रोज त्याच नळावर हात धुतोस की. दिसलं नाही?